घरचे घोडे

आमच्या शाळेत सकाळी प्रार्थनेनंतर राज्यगीत होते. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी सातवीतल्या एका चिरंजीवांनी मला विचारले, "सर, भीमथडी म्हणजे भीमाची थडगी का?" वर्ग खो खो हसला, मीही हसलो आणि शिक्षकाला शोभेल असे उत्तर दिले. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख, म्हणजे आपले दौंड, बारामती, इंदापूर, ती भीमथडी. आणि तेथे पैदास होणारी काटक, लहानखुरी घोडी ती भीमथडीची तट्टे. पोराचे समाधान झाले नाही. "मग ती आता कुठे असतात? तुम्ही पाहिलीत?"

मी पाहिली नव्हती. आणि वाचकहो, मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस! इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही, मॅट्रिकनंतर जो शिकलो तो पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या. परंतु माझ्या कादंबऱ्यांतून मी शेकड्यांनी घोडे दौडवले आहेत. त्या रात्री स्वतःचीच एक कादंबरी काढून चाळली. तीनशे पानांत एकाही घोड्याने चंदी खाल्लेली नव्हती. एकही घोडे पाणी प्यायले नव्हते, लंगडले नव्हते, त्याचा नाल निघाला नव्हता. नायक रात्री कोठेही उतरे, सकाळी घोडे तयार! ते बिचारे रात्रभर कोठे बांधले होते, त्याची वैरण कोणी आणली आणि मुख्य म्हणजे ते होते कोणाचे, हे लेखकालाच ठाऊक नव्हते.

उत्तर मिळाले ते भाऊबिजेच्या दिवशी. बहिणीकडे सासवडला निघालो होतो. दिवे घाटाच्या अलीकडे, वडकीजवळच्या एका मोकळ्या शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. दसरा-दिवाळी झाली की माणदेशाकडचे, फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ मेंढ्या घेऊन पुण्यावरून कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. ही वहिवाट फार जुनी. मेंढ्यांभोवती वाघूर लावलेली, तीन दगडांची चूल, एक बाज, कोंबड्यांची डालगी, आणि कडेला पाचसहा लहानखुरी घोडी पिछाडीने बांधलेली. सारा संसार त्यांच्याच पाठीवरून आलेला. चुलीशेजारी एक म्हातारबाबा बसले होते. मी विचारले, "बाबा, ही घोडी कोणाची?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी 'ही बायको कोणाची' असेच विचारले होते. "कुनाची म्हंजी? घरची हायती!"

हा 'घरची' शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण मराठ्यांच्या फौजेचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे.

आपण आज सहज 'शिलेदार' म्हणतो. गणपतीच्या मंडळाचे शिलेदार, निवडणुकीतले शिलेदार. शब्द मूळ फारसी, सिलाह म्हणजे हत्यार, ते बाळगणारा तो सिलाहदार. पण मराठी मुलखात त्याला नेमका व्यवहारी अर्थ आला. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला घोडे सरकारातून किंवा दुसऱ्या कोणाच्या पागेतून मिळाले, तो बारगीर. लढाईत दोघांच्या अंगावर एकच घाव बसे. परंतु घोडे पडले, तर बारगिराचे सरकारचे पडले आणि शिलेदाराचे घरचे पडले. एखाद्याच्या घोड्यात घरच्या बाईचे डाग गेलेले असत, एखाद्याच्या घोड्यापायी सावकाराकडे कागद असे.

शिवाजी महाराजांनी हा फरक पक्का ओळखला होता. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हे शेवटचे दोघे मला फार महत्त्वाचे वाटतात. तलवारीचा हिशेब कोणीही ठेवील. पाण्याची पखाल आणि खुराचा नाल यांचा हिशेब ज्याने ठेवला त्याला घोडे कळले होते. महाराजांचा भर पागेवर होता, आणि शिलेदारांना त्यांनी पागेच्या हुकमतीत ठेवले. घरच्या घोड्यावर बसलेला माणूस मानी असतो. पटले नाही तर घोडे वळवून घरी जातो. 'एकांडा शिलेदार' उगीच नाही म्हणत.

या फौजेचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखेच पावसाने बांधलेले होते. पावसाळ्यात छावणी, दाणा, वैरण, औषधे, घोड्यांना निवारा, सारे आधी साठवलेले. खंडेनवमीला घोड्याची पूजा, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मग आठ महिने मुलूखगिरी. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी व्हायची, परतल्यावर झडती. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण बरोबर न्यायची सक्त मनाई; मोडील त्याची गर्दन मारावी इतकी कडक. आज दिवाळीचा फराळ करताना आपल्या मनात येत नाही, की शेकडो मराठी घरांत दिवाळीचे पहिले अभ्यंगस्नान घरधन्यावाचूनच होत असे. धनी त्या वेळी कोठेतरी माळावर, घोड्याच्या आगाडीशी खोगीर उशाला घेऊन पडलेला.

छावणीतल्या वैरणीवरून महाराजांनी चिपळूणकडच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, म्हणजे १६७३-७४चे ते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच बेपर्वाईने उडवाल, तर भर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्ही मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि त्याला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. असा त्याचा आशय. पुढे तर महाराज दिव्याच्या वातीपर्यंत येतात. जळती वात ठेवून निजू नका, उंदीर ती ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील! छत्रपती होऊ घातलेला राजा उंदराची चिंता करतो आहे. माझ्या तीनशे पानांत एवढी एक ओळ असती तर मी स्वतःला लेखक म्हणवले असते.

या घोड्याला वजन कमी लागे, हीच त्याची मोठी दौलत. भीमथडीचे घोडे दिसायला राजबिंडे नव्हे; अरबी, तुर्की रक्त देशी तट्टांत मिसळून ते झाले असे म्हणतात. पण ते थोडक्यात भागवी. कडबा, हरळी, मिळाली तर हरभऱ्याची चंदी, नाही तर जे मिळेल ते. स्वारापाशी तोबरा, आगाडी-पिछाडीचे दोर, घोंगडी, भाला. तंबू नाही, तोफ नाही. ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात पहिल्या बाजीरावांच्या एका चित्राची हकीकत दिली आहे. त्या चित्रात पेशवा घोड्यावर बसला आहे, लगाम सैल सोडला आहे, भाला खांद्यावर टेकला आहे, घोड्याचे दोर तोबऱ्यात कोंबले आहेत, आणि स्वारी दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून चालत्या घोड्यावर दाणे खात आहे. म्हणजे धन्याचा हुरडा आणि घोड्याचा कडबा एकाच ताटाचा! दोघांची सोय एका शेतात झाली.

त्या शेताचा मालक चित्रात नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठ्यांच्या चपळाईचे पोवाडे आपण आवडीने ऐकतो. परंतु ज्याच्या उभ्या पिकातून ती चपळाई गेली, त्याने पोवाडा रचलेला नाही. महाराजांना कुणब्याच्या देठाची काळजी होती. पुढच्या काळात ती काळजी पातळ झाली, आणि उत्तरेत, बंगालात मराठी घोड्याचे नाव कसे घेतले गेले हे वाचताना आपली मान खाली जाते.

तरी १७२८च्या फेब्रुवारीतली पालखेडची गोष्ट सांगताना माझा आवाज वर्गात चढतोच. निजाम पुण्यापर्यंत येऊन बसला होता. बाजीराव पुण्याकडे वळलेच नाहीत. निजामाच्या मुलखात, खानदेशात, थेट गुजरातेपर्यंत दौडत राहिले. निजाम त्यांच्या मागे निघाला, जड तोफा मागे टाकत निघाला, आणि पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडला गेला. विसाव्या शतकातला इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने युद्धांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, त्यातही या मोहिमेचे कौतुक आहे. निजामाच्या तोफेची बरोबरी करील असे बाजीरावांजवळ काही नव्हते. पण निजामाच्या तोफेला बैल लागत, आणि बाजीरावांच्या घोड्याला ज्वारीचे ताट पुरे होई.

आता मराठ्यांवर नेहमी केला जाणारा आरोप. लढाईत ते टिकून उभे राहत नाहीत, अंगावर आले की पळतात. पेशव्यांच्या चाकरीत विल्यम टोन नावाचा एक आयरिश गृहस्थ होता. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देणारा वुल्फ टोन त्याचा भाऊ. त्याने या गोष्टीचे कारण भित्रेपणात शोधले नाही, हिशेबात शोधले. घोडा स्वाराचा, आणि तो मेला तर भरून मिळेल याची खात्री नाही. घोड्याबरोबर त्याची नोकरीही जायची. मोहिमेपूर्वी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे खरी. पडलेल्या घोड्याची भरपाई कधी मिळे, पुष्कळदा मिळत नसे. शहाणा माणूस असले घोडे तोफेच्या तोंडी देईल का? तो शत्रूची रसद तोडील, त्याला उपाशी मारील, दहा कोस पळवील. पण समोर छाती काढून उभा राहणार नाही. गनिमी काव्याची कारणे आपण सह्याद्रीच्या कड्यांत शोधतो. मला वाटते, निम्मे कारण तबेल्यात होते. गणतीच्या दिवशी उसने घोडे आणून दाखवायचे, संख्या फुगवायची, ही शिलेदारीची दुसरी, काळी बाजूही तितकीच खरी. खोगीरभरती हा शब्द आपल्या भाषेत आला तो काही हवेतून आला नाही.

चालत्या फौजेचा तळ कसा पडे, याचे मोठे मजेदार वर्णन ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत आहे. १८०९ साली तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. बिनीवाला पुढे जाऊन जागा पाही व एक लहान पांढरे निशाण रोवी; ते धन्याच्या डेऱ्याचे ठिकाण. मग बाजारांचे झेंडे ठरल्या अंतरावर उभे राहत, आणि मागून येणारा प्रत्येक जण आपापला झेंडा पाहून उतरे. गाव रोज बदले, पण गल्ली बदलत नसे! वाण्याचा शेजारी कालचाच. हे वाचताना गंमत वाटते. पण बाजीरावांच्या हुरड्यापासून बाजारांच्या झेंड्यांपर्यंत आपण किती लांब आलो, हेही दिसते. घोड्यामागे शहर चालू लागले होते.

ते शहर सर्वांत महाग पडले १७६० साली. मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून निघाले. बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, आणि बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. मल्हारराव होळकरांचे आणि सुरजमल जाटाचे म्हणणे होते, की हा पसारा मागे ठेवा आणि सडे होऊन लढा. मल्हारराव नीरेकाठच्या होळचे, मेंढपाळाच्या घरातले. कंठाजी कदम बांड्यांच्या पथकातून वर आलेले. चालत्या बिऱ्हाडात जनावर आधी की सामान आधी, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. त्यांचे ऐकले गेले नाही. ऐकले असते तर काय झाले असते यावर पुण्यात आजही पारावर भांडणे होतात; त्यात मी पडत नाही.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, दसरा तेथे झाला. आठच दिवसांनी अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये शिरला. भाऊंनी पानिपताशी तळ देऊन भोवती खंदक खणला. तिथीचा हिशेब केला तर त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या आठ तारखेच्या सुमारास येते. म्हणजे ती त्या खंदकाच्या आतच झाली असली पाहिजे. चालण्यासाठी जन्मलेले घोडे तेथे पहिल्यांदा महिनोन्‌महिने एका जागी बांधले गेले. पहिल्यांदा जवळचे गवत संपले, मग लांबचे. गवताला जाणारे परत येईनासे झाले. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. घोडी पटापट मरू लागली. घोडे मेले की शिलेदार उरत नाही, भाला घेतलेला उपाशी माणूस तेवढा उरतो. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडे मैदानात उतरले, त्यांतल्या पुष्कळांत दौडण्याचे त्राण नव्हते. पानिपताची शंभर कारणे सांगितली जातात. मला त्या दिवशी वडकीच्या शेतात पिछाडीने बांधलेली घोडी पाहताना एकच सारखे आठवत होते: गवत.

पुण्यात शिलेदारीचा शेवटही दिवाळीतच झाला. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते, बापू गोखल्यांचे घोडदळ इंग्रजांच्या पलटणींवर धावून गेले आणि वाटेतल्या दलदलीत पुढचे घोडे फसले. अमावास्या अवघ्या चार दिवसांवर होती. १६ तारखेला येरवड्याशी पुन्हा गाठ पडली आणि १७ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या दोन लढायांच्या मध्ये जी दिवाळी आली, तिच्यात पुण्यात किती पणत्या लागल्या असतील? पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण गेले. शिलेदारांनी घोडी विकली, नांगराला जुंपण्याच्या ती लायक नव्हती. पुष्कळांनी ओझ्याला लावली.

मौज अशी, की इंग्रजांनी राज्य बुडवले आणि शिलेदारी मात्र उचलली. त्यांच्या फौजेत सिल्हेदारी रिसाले शंभर वर्षे चालले. स्वाराने आपले घोडे किंवा त्याची रक्कम घेऊन भरती व्हायचे. त्या जागेला 'असामी' म्हणत. स्वस्त पडे, आणि घरंदाज शेतकरी येई. पहिल्या महायुद्धात परमुलखात घोडी हजारांनी मेली. तेव्हा प्रत्येकाने आपापले दुसरे घोडे कोठून आणायचे? पानिपतावरचाच प्रश्न! १९२१च्या सुमारास इंग्रजांनी ती पद्धत मोडून टाकली. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या रिसाल्याचे नाव अजून आपल्या लष्करात आहे: पूना हॉर्स. आता त्याच्याकडे रणगाडे आहेत. १९६५ साली तारापोर आणि १९७१ साली अरुण खेत्रपाल या त्याच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

आणि ती भीमथडीची तट्टे? ती नाहीशी झाली असे पुष्कळ दिवस समजले जात होते. नाहीशी झाली नव्हती. बिनबोभाट मेंढरांमागून चालत होती. २०२३-२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेकडे भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. ज्यांनी ती जगवली, त्यांच्यापैकी एक जण वडकीला माझ्यासमोर चिलीम झाडीत बसला होता आणि मी त्याला घोडी कोणाची म्हणून विचारीत होतो.

बाबांशी तासभर बोललो. मी म्हणालो, फौज जेथे उतरे तेथे शेतकरी रडे. ते हसले. "आमी उतरलो तर शेतकरी धान्य देतो, गुरुजी. लेंड्यांचं खत पडतंय न्हवं." मग एका घोडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिची आई असती तर ही पोरं दमली नसती." ती घोडी मागच्या साली रात्री हमरस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. पाठीवर भांडीकुंडी होती, कोकरे होती. कोकरांची रक्कम कोणीतरी थोडीबहुत दिली. "घोडीचं?" मी विचारले. त्यांनी हात झटकला. सुनेने तेवढे सांगितले, की त्या वर्षी पुढची सारी वाट ती डोक्यावर ओझे घेऊन चालली.

सासवडला पोचायला मला उशीर झाला. बहीण ओवाळण्याचे ताट घेऊन खोळंबली होती. पण निघताना बाबांनी मला हाक मारून विचारले, "गुरुजी, तुमची शाळा पुन्यात कुठं? मोठं पटांगन आसंल. हरळी आसंल तर परवा रातच्याला घोडी तितं बांधू का?"

पटांगणावर गेल्या उन्हाळ्यात सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत, हे त्यांना सांगताना माझी मान का खाली गेली कोण जाणे.